जेवायचा हात

लेकीच्या लग्नाआधीची गोष्ट. सासूबाई तेव्हा अजून कुणाच्या सासूबाई झाल्या नव्हत्या, नुसत्या आई होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराला कान लावून उभ्या होत्या. हातात पळी होती. कुणी एकदम आत आलंच तर आपण भाजी ढवळत होतो असं म्हणता यावं, एवढ्यासाठी. शेगडीवर तेव्हा काहीच नव्हतं, पण खोटं बोलायला निघालेल्या माणसाच्या असल्या गोष्टी ध्यानात येत नाहीत.

बाहेरच्या खोलीत बापलेकीची जुंपली होती.

"मुलगा वाईट आहे असं मी म्हटलंय का?" बाप म्हणत होता. "सरळ आहे, निर्व्यसनी आहे, बोलायला गोड आहे. पण तो पाणी प्यायला उठतो!"

"तहान लागते माणसाला, बाबा."

"अर्धा पेपर टाकून? शाळेच्या परीक्षेला पाणी प्यायला म्हणून उठला, तो परत वर्गात गेलाच नाही. टपालखात्याच्या परीक्षेला तेच. आणि गाडीच्या परवान्याला, अगं, चालू गाडी बाजूला लावून उतरला! तो तपासणारा साहेब बसलाय गाडीत एकटा, आणि हा नळाखाली ओंजळ धरून."

लेकीनं कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "मी माणसाशी लग्न करतेय, परीक्षेशी नाही."

"मग संसार म्हणजे दुसरं काय असतं?"

इथं सासूबाईंना हसू फुटलं आणि हातातली पळी दारावर आपटली. भांडण तिथंच मिटलं, कारण बाप आणि लेक दोघंही एक होऊन सासूबाईंवर घसरले.

लग्न व्हायचं ते झालंच. जावयाच्या नोकरीचं इस्पितळ घरापासून जवळ, म्हणून जावई इथंच राहायला आले. लोक घरजावई म्हणत. जावईबापूंनाच त्याचं काही नव्हतं. म्हणायचे, "म्हणू दे. परीक्षा न देता मिळालेलं माझं हे एकच पद आहे." सासऱ्यांशी पुढं त्यांचं इतकं जमलं, की शेवटच्या दुखण्यात म्हातारा पाणी मागायचा तेही जावयाकडेच. "ह्याला पाण्यातलं कळतं," म्हणायचा. असा गोड शेवट झाला त्या भांडणाचा.

इस्पितळात जावईबापू मदतनीस म्हणून लागले होते. खुर्च्या, चादरी, रिपोर्ट, औषधं, जे हाताला येईल ते इकडून तिकडं न्यायचं. मग एकदा ईसीजीचं यंत्र ढकलायला माणूस हवा झाला. चाकांचा गाडा, वर यंत्र, बाजूला लोंबणाऱ्या वायरी. जावईबापू तो ढकलता ढकलता वायरींचा गुंता सोडवायला लागले, आणि सोडवता सोडवता वायरी लावायलाही लागले. तिथल्या जुन्या टेक्निशियननं त्यांना हात धरून शिकवलं आणि तो निवृत्त होऊन गेला. त्याची खुर्ची रिकामीच राहिली. जावईबापूंनी खुर्ची न घेता नुसतं काम घेतलं. पेशंट त्यांना 'ठोकेवाले भाऊ' म्हणायचे, आणि सासूबाई शेजारणींना सांगताना 'आमचे जावई डॉक्टरांच्या अगदी शेजारी उभे असतात' असं सांगायच्या, म्हणजे खोटंही नाही आणि खरंही नाही.

असं बरं चाललेलं असताना वरून नियम आला. ज्याच्याकडं हृदयलय तंत्रज्ञाचं, म्हणजे ईसीजी काढणाऱ्याचं, प्रमाणपत्र नाही, त्यानं यंत्राला हात लावायचा नाही.

त्या दिवशी जावईबापू घरी आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले. सासूबाईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"परीक्षा द्यायची म्हणतात. एकच संधी. नापास झालो तर खाली तळघरात, धुलाईकडं."

"मग नापास होऊ नका," सासूबाई म्हणाल्या. असले मोलाचे सल्ले त्या फुकट देतात.

"आई, मी आजवर नापाससुद्धा झालेलो नाही. नापास व्हायला पेपर पुरा लिहावा लागतो." एवढं बोलून ते हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "तिथं माणूस शर्ट काढून पडलेला असतो, घाबरलेला. मी आधी हातावर हात चोळून गरम करतो, मगच त्याला हात लावतो. तळघरात काय करू? चादरी काही घाबरत नाहीत."

ह्यावर सासूबाईंनी सल्ला न देता जेवणाचं टेबल पुसून पुस्तकाला जागा केली. असं क्वचितच होतं.

अभ्यास सुरू झाला. जावईबापू कामावरून आले की संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जाडजूड पुस्तक उघडायचे. लेक शिवणाच्या कारखान्यातून यायला अवकाश असायचा. घरात रिकामं माणूस एकच, आणि त्या माणसानं शाळेचं तोंड पाहिलं ते दुरूनच म्हणायचं. अक्षराला अक्षर जोडत वाचता येतं, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तरी सासूबाईंनी चष्मा लावला आणि प्रश्न विचारण्याचं काम अंगावर घेतलं.

शेजारीणबाई एकदा डोकावल्या. "जावई कसली परीक्षा देतायत?"

"काळजाची," सासूबाई ऐटीत म्हणाल्या.

शेजारीणबाईंनी विचार केला. "मग दुकान कुठं काढणार?"

"कसलं दुकान?"

"मटणाचं!"

जावईबापूंनी पुस्तकात तोंड घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही. शेजारीणबाई गेल्यावर म्हणाले, "आई, काळीज म्हणजे लिव्हर. ते माझ्या परीक्षेत नाही. माझ्याकडं हृदय."

"मग इतकी वर्षं माझ्या काळजाचा ठोका चुकतोय, तो कुठं चुकतोय?"

"चुकतो हृदयातच. बिल मात्र काळजाच्या नावावर फाडतात."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वाचता वाचता बोट थांबवलं. "हे दोघं कोण? पानापानावर येतायत."

"कोण दोघं?"

"अलिंद आणि निलय."

जावईबापूंनी कपाळाला हात लावला. "ते हृदयाचे कप्पे आहेत, आई. वरचा अलिंद, खालचा निलय."

"भाऊ भाऊ?"

"बरं, भाऊ समजा." मग त्यांनाही जरा गंमत वाटली. "वरच्या मजल्यावरचा भाऊ ठोठावतो. खालचा ते ऐकून दार उघडतो. हा झाला एक ठोका. आता दुखण्यात काय होतं, खालचा उशिरा उघडतो."

"झोपाळू असेल."

"मग हळूहळू आणखी उशीर, आणखी उशीर, आणि एकदा उघडतच नाही."

"बायकोशी वाजलं असेल."

"आणि शेवटी वरचा आपल्या तालात ठोठावतोय, खालचा आपल्या तालात उघडतोय, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही."

"म्हणजे वेगळी चूल मांडली!" सासूबाईंना फार वाईट वाटलं. "मग त्यांची समजूत कोण घालतं?"

"पेसमेकर बसवतात."

"तो कोण, मामा?"

जावईबापू पुस्तक मिटून हसत सुटले. पण दुखण्याचे ते तीन प्रकार ते त्यानंतर कधी विसरले नाहीत, आणि सासूबाई मात्र आठवड्याभरात विसरल्या. त्यांना तेवढं लक्षात राहिलं, की एका बऱ्या घरातले दोन भाऊ वेगळे झाले.

ठोके मोजायचाही एक पाढा होता. कागदाच्या पट्टीवर गुलाबी चौकटी असतात. दोन टोकांमध्ये मोठी चौकट एक असेल तर मिनिटाला ठोके तीनशे, दोन असतील तर दीडशे, असा तो पाढा खाली खाली उतरत जातो. पुस्तकात पंच्याहत्तर होतं, सासूबाईंनी ते पाऊणशे करून टाकलं. "तीनशे, दीडशे, शंभर, पाऊणशे, साठ, पन्नास," असं म्हणत त्या भांडी घासायच्या. पाऊणशे आलं की आवाज चढायचा, कारण ते आपल्या वयाच्या जवळचं आहे असं त्यांना वाटायचं.

खरी अडचण वेगळीच होती. जावईबापूंना डावं-उजवं कळत नाही. लहानपणापासूनच. कुणी रस्ता विचारला, की हे आधी घास उचलल्यासारखा हात तोंडाकडं नेणार, मग त्या हाताकडं बघून सांगणार, "उजवीकडं." विचारणाऱ्याला वाटतं, ह्यांना भूक लागलीय.

आणि ईसीजीत तर सगळा खेळ डाव्या-उजव्याचाच. लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या. काळा उजव्या पायाला, हिरवा डाव्या. घाबरलेल्या पेशंटला उजवा हात मागितला तर तोही डावा देतो. देणारा गोंधळलेला, घेणारा त्याहून गोंधळलेला. म्हणून जावईबापूंनी आपली एक युक्ती काढली होती. पेशंटला ते म्हणायचे, "जेवायचा हात द्या बघू." त्या हातात माणूस कधी चुकत नाही. लाल जेवायच्या हाताला, काळा त्याच बाजूच्या पायाला. उरलेले दोन उरलेल्या दोघांना. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, आणि कधी बिघडलं नव्हतं. वॉर्डातल्या खाटाही सगळ्या एका दिशेला मांडलेल्या, त्यामुळं हाताला आपोआप वळण पडलेलं.

घरी सरावाला चिमटे कुठून आणायचे? मग कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. लाल, पिवळे, हिरवे होते. काळा कुठं मिळेना, तेव्हा एका पांढऱ्याला बुटाचं पॉलिश फासलं. अभ्यास संपेपर्यंत सासूबाईंचा एक घोटा काळा तो काळाच.

"जेवायचा हात द्या, आई."

सासूबाई हात पुढं करायच्या. बाहीला लाल चिमटा. मग पिवळा. मग खाली वाकून दोन पायांना दोन. जावईबापू समोर बसून चष्म्यावरून बघायचे आणि स्वतःलाच म्हणायचे, "झकास." सासूबाईही म्हणायच्या, "झकास." दोन आंधळे एकमेकांची वाट बरोबर आहे म्हणून एकमेकांना शाबासकी देत होते.

लेक घरी आली ती दारातच थबकली. आई टेबलापाशी चारी टोकांना चिमटे लावून ताठ बसलेली, तोंडानं "तीनशे, दीडशे, शंभर."

"अहो, आईला वाळत घातलंय का?"

"हलवू नकोस," जावईबापू म्हणाले. "हलल्या की पट्टी बिघडते."

"आई आणि हलायची थांबणार? हिला गप्प बसवायची परीक्षा ठेवा, ती कुणीच पास होणार नाही."

लेखी परीक्षेच्या दिवशी लेकीनं नवऱ्याच्या हातात पाण्याची भलीमोठी बाटली दिली. "ही जवळ ठेवायची. आता उठायला कारण नाही." संध्याकाळी जावईबापू आले ते थेट न्हाणीघरात शिरले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाटली संपवली. शेवटची पानं पाय आवळून लिहिली. पण पेपर पुरा केला. एके ठिकाणी चुकून 'वेगळी चूल' लिहून गेलो होतो, ते खोडलं."

पेपर कसा गेला ते पुढचं पुढं, पण पुरा गेला होता. लेक नवऱ्याला जेवायला वाढताना उगीचच दोनदा त्याच्या मागून गेली आणि दोनदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सासूबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. हे काम त्यांना बरं जमतं.

लेखी निघाली. मग प्रत्यक्ष परीक्षा. छातीवरचं काम पुतळ्यावर करून दाखवायचं, पण हातापायाच्या चिमट्यांसाठी ज्यानं त्यानं आपलं माणूस आणायचं. लेकीला रजा मिळेना. तेव्हा सासूबाई निघाल्या. ठेवणीतले कपडे, अंगाला वासाचा साबण, शिवाय नवे मोजे. तिथं गेल्यावर पहिल्याप्रथम मोजेच काढायला लावले.

परीक्षेची खोली बघून जावईबापूंचं तोंड उतरलं. खाट उलटी होती. उशी खिडकीकडं, यंत्र भलत्याच बाजूला. भिंतीवर पाटी, 'यंत्राजवळ पाणी आणू नये'. बाटली बाहेरच्या बाकावरच राहिली. परीक्षा घ्यायला दोघं होते. एक बाई, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. दुसरे एक गृहस्थ, ते काही बोलतच नव्हते, नुसतं लिहीत होते. न बोलता लिहिणाऱ्या माणसाची सासूबाईंना फार भीती वाटते.

पुतळ्याचं काम नीट झालं. पुतळा घाबरत नव्हता तरी जावईबापूंनी आधी हात चोळून गरम केले. बाईंनी ते पाहिलं. मग ते खाटेकडं वळले.

"आई, जेवायचा हात द्या."

सासूबाईंनी दिला. लाल. मग पिवळा. मग पाय. खरे चिमटे गार होते आणि कपड्यांच्या चिमट्यांपेक्षा जास्त चावत होते, पण सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. घरात कधी नाही इतक्या त्या गप्प पडून राहिल्या. यंत्र कुरकुरलं, पट्टी बाहेर सरकली.

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "काय दिसतंय?"

जावईबापू पट्टीकडं बघत राहिले. खाटेवरून सासूबाईंना पट्टी दिसत नव्हती, जावयाचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं. पहिलीच ओळ उलटी आली होती. जी टोकं वर उठायला हवीत, ती खाली डोकं घालून बसलेली.

"सांगा," बाई म्हणाल्या. "हे असं का?"

जावईबापूंनी पट्टीवरून नजर उचलली. त्यांनी दाराकडं पाहिलं.

"मी जरा," ते म्हणाले, "मी जरा पाणी पिऊन येतो."

सासूबाईंचा ठोका चुकला. काळजाचा म्हणा, हृदयाचा म्हणा, चुकला तो चुकला. जावईबापू दाराशी पोचलेसुद्धा. कडीला हात लागला.

"अहो जावईबापू," सासूबाई ओरडल्या, "आधी मला सोडवा!"

"आई, दोन मिनिटं. आलोच."

"दोन मिनिटं नाही अन् एक मिनिट नाही. मला आत्ताच्या आत्ता उठायचंय."

आणि जावईबापू थांबले. त्या जुन्या टेक्निशियननं त्यांना एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवली होती आणि ती त्यांनी कधी मोडली नव्हती. माणूस वायरींत अडकलेला असताना खोली सोडायची नाही. आग लागली तरी आधी चिमटे काढायचे. पाणी प्यायला तर फारच नंतर. ते मुकाट्यानं मागं आले, खाटेशी वाकले, आणि पहिला लाल चिमटा काढायला त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला.

घेतला तो घेतलाच. हाताकडं बघत राहिले. मग सासूबाईंच्या तोंडाकडं बघितलं. मग त्या दोन परीक्षकांच्या देखत त्यांनी आपला हात घास घेतल्यासारखा तोंडाशी नेला आणि तसेच उभे राहिले. लिहिणाऱ्या गृहस्थांचं लिहिणं पहिल्यांदा थांबलं.

"आई, तुम्ही कुठल्या हातानं जेवता?"

"ह्याच. जन्मापासून ह्याच."

"हा डावा आहे."

"असेल. तुम्ही जेवायचा मागितलात, मी जेवायचा दिला."

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

जावईबापू सरळ उभे राहिले. घाम आला होता, पण आवाज आपल्या जागेवर आला होता. "मॅडम, पहिली ओळ उलटी आहे. ह्याची दोन कारणं असू शकतात. एक, आमच्या सासूबाईंचं हृदय उजव्या बाजूला आहे. दुसरं, हातांचे चिमटे मी अदलाबदल लावलेत. मी इतकी वर्षं ह्यांच्या घरात राहतोय. ह्यांचं हृदय जागच्या जागी आहे. माझंच डोकं जागेवर नव्हतं."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या कच्च्या नव्हत्या. "हे घरचं झालं. पेशंट अनोळखी असता तर कशावरून ठरवलं असतं?"

"छातीवरच्या ओळी बघितल्या असत्या. हृदय खरंच उजवीकडं असेल तर त्याही बिघडतात. आज छाती पुतळ्याची आहे, ती ह्यांची साक्ष देणार नाही. म्हणून चिमटे बदलून पट्टी परत काढतो. सुलटी आली तर चूक माझी. नाही आली तर डॉक्टरांना बोलावतो."

"काढा."

लाल इकडून तिकडं गेला, पिवळा तिकडून इकडं आला. पायांचेही बदलले. यंत्र पुन्हा कुरकुरलं. सासूबाई खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या आणि मनातल्या मनात सगळ्यांच्या पाया पडत होत्या, अलिंद-निलयांच्यासुद्धा. पट्टी सरकत सरकत बाहेर आली. जावईबापूंनी ती उचलली, बाईंच्या पुढं धरली. पहिल्या ओळीतली सगळी टोकं वर मान करून उभी होती.

"चूक माझी," जावईबापू म्हणाले. आपली चूक सापडली म्हणून एवढा खूष झालेला माणूस सासूबाईंनी दुसरा पाहिला नाही.

"ठोके किती?" बाईंनी शेवटचं विचारलं.

त्यांनी चौकटी मोजल्या. "पाऊणशे," म्हणाले. मग जीभ चावून, "पंच्याहत्तर."

घरी हकिगत कळल्यावर लेक आईच्या गळ्यात पडली. "आई, तू मुद्दाम थांबवलंस ना त्यांना? कसं सुचलं गं तुला?"

सासूबाई नुसतं हसल्या. शेजारीणबाई येऊन गेल्या, त्यांनीही "काय डोकं आहे हो तुमचं!" म्हटलं. दोन दिवस सासूबाईंनी तो मोठेपणा अंगावर मिरवला. तिसऱ्या दिवशी त्यांनाच राहवेना. पोटात गोष्ट ठेवायची सवय नाही, ती तिथं टिकत नाही. खरं काय होतं, तर सकाळपासून घाईत त्या न्हाणीघरात जायच्या राहिल्या होत्या. त्या गार खाटेवर, पाय लांब करून, चिमट्यांत पडल्यावर जे व्हायचं ते झालं. जावई पाणी प्यायला निघाले आणि सासूबाईंना नेमकं उलटं निकडीचं होतं. एवढंच. त्यात शहाणपणा कसला आलाय? दुसरी पट्टी निघेपर्यंत त्यांनी कळ काढली, तो काय तो त्यांचा पराक्रम.

लेक हसता हसता खाली बसली. मग नवऱ्याकडं वळली. "आणि तुम्ही हो? इतकी वर्षं आईच्या समोर बसून जेवताय. तिचा हात दिसला नाही कधी?"

"मी माझ्या ताटात बघून जेवतो," जावईबापू म्हणाले. "घरजावयानं दुसऱ्याच्या ताटात बघू नये."

निकाल लागला. पास, पण काठावर. चिमट्यांच्या चुकीचे गुण कापले होते, आणि त्या न बोलणाऱ्या गृहस्थांनी खाली एक ओळ लिहिली होती, की उमेदवारानं यापुढं पेशंटला हात मागताना उजवा म्हणावं, जेवायचा म्हणू नये. प्रमाणपत्रावर गुण छापत नाहीत, हे फार बरं. लेकीनं ते बापाच्या फोटोसमोर उघडून धरलं आणि म्हणाली, "बघा बाबा, पुरा पेपर." मग सासूबाईंनाही डोळे पुसायला पदर शोधावा लागला, आणि कांदा चिरत होते म्हणावं तर घरात कांदा नव्हता.

मदतनीस म्हणून जावईबापूंचा शेवटचा दिवस होता, त्या दिवशी सासूबाई रक्तदाब तपासायला इस्पितळात गेल्या होत्या. तपासायचा नसता तरी गेल्या असत्या. वॉर्डाबाहेरच्या लांबट बाकावर पाय पसरून बसल्या होत्या. दाराच्या काचेतून ईसीजीची खोली दिसत होती. तिच्या दारावर दुसऱ्या दिवशी नावाची पाटी लागायची होती, खिळे आधीच ठोकून ठेवलेले होते.

आत वॉर्डाच्या टेबलाशी सिस्टर कागदात मान खाली घालून काही लिहीत होत्या. मान वर न करताच त्यांनी टेबलावरचा रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे पुढं सरकवला. "भाऊ, हे लॅबमध्ये पोचवून ये रे." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी जीभ चावली. "अगं बाई! राहू दे, राहू दे. तुला आता असली कामं कशी सांगायची? दुसऱ्या कुणाला तरी..."

"पाटी उद्या लागणार आहे, सिस्टर. आज द्या."

जावईबापूंनी ट्रे उचलला, काचेच्या नळ्यांवरची लेबलं नेहमीसारखी एकदा बघून घेतली, आणि पाठीनं दार ढकलून बाहेर आले. दोन्ही हात ट्रेला, नजर नळ्यांवर. बाकापाशी आले तशी त्यांची चाल मंदावली.

"आई, पाय घ्या जरा आत."

सासूबाईंनी पाय आत घेतले. जावईबापू तसेच पुढं, जिन्याकडं गेले.